‘वटोदर’ची गुप्त शाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर पंधरा-वीस मुलं जमतात आणि मी त्यांना माझ्या ‘वटोदर’ या पुस्तकाचं एकेक प्रकरण वाचून दाखवते. मुलं प्रश्न विचारतात, त्यांना न्यायला आलेले पालक वेगळेच प्रश्न विचारतात, आणि उरलेले लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळी एका जागी लिहून काढली. पहिलं पुस्तक लिहून झालंय, दुसरं चाललंय. पहिल्यातली गुपितं इथे फोडणार नाही. एक फोडीन, तेही अर्धंच.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

रेवा तेरा वर्षांची. रावपुऱ्यात वडील आणि आजीसोबत राहते. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, गल्लीत गुजराती. एका दुपारी सेंट्रल लायब्ररीत तिला जे दिसायला नको ते दिसतं आणि ती एका शाळेत जाऊन पोचते, जिथे जादू शिकवतात. सगळी गोष्ट तीच सांगते, पुढे मोठी झाल्यावर. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

ही शाळा नेमकी कुठे आहे? आम्ही शोधायला गेलो तर सापडेल का?

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीच्या दोन मजल्यांच्या मधे.

हे उत्तर दिलं की मोठी माणसं हसतात आणि मुलं गप्प होतात. ज्यांनी ते ग्रंथालय आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्या ग्रंथालयात पुस्तकांची कपाटं लोखंडी आहेत आणि कपाटांच्या मजल्यांची जमीन काचेची. जाड, धुरकट काच. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा म्हणून तशी केलेली.

मी कॉलेजात असताना एकदा त्या कपाटांमधे उभी होते. वर कोणीतरी चाललं होतं. त्या काचेतून माणूस दिसत नाही. चपलेचा तळ टेकतो तिथे एक काळपट डाग उमटतो आणि पाय उचलला की पुसला जातो. डाग, पुढे दुसरा डाग, पुढे तिसरा, असं करत ते पाय पार कोपऱ्यात गेले आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग डाग पुसला गेला आणि पुढचा उमटलाच नाही. मी जिना चढून वर गेले तर कोपऱ्यात चिटपाखरू नव्हतं. (ते गृहस्थ स्टुलावर चढून वरच्या खणातलं पुस्तक काढत असणार आणि मी धापा टाकत पोचेपर्यंत निघून गेले असणार, हे मला घरी आल्यावर सुचलं. पण तोवर उशीर झाला होता.)

रेवालाही तेच दिसतं. फरक इतकाच, की ती कोपऱ्यातली काच दाबून बघते.

आणि ‘वटोदर’ म्हणजे?

वडाचं उदर. वडाचं पोट. आपल्या गावाच्या नावाचा हाच उगम सांगतात, इ.स. ८१२ च्या ताम्रपटात ते ‘वडपद्रक’ असं येतं. गोष्टीत काचेखालून आत शिरलं की एका जुन्या वडाच्या पोटात पोचतो, पारंब्यांचे जिने, ढोलीत वर्ग. कमाटीबागेतला वड का, असं एकाने विचारलं. नाही, हा वड जमिनीवर कुठेच नाही.

बडोदा लिहू की वडोदरा?

१९७४ पासून कागदोपत्री वडोदरा. आपल्या तोंडात बडोदा. गोष्टीत दोन्ही आहे आणि कोण काय म्हणतं त्यावरून रेवाला माणूस ओळखता येतो.

जादूची शाळा म्हटल्यावर डोंगर, धुकं, किल्ला हवा. उन्हाने भाजणारं बडोदंच का?

पुण्यातल्या एका प्रकाशकांनी मला हेच सुचवलं होतं. शाळा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी न्या, मुलांना वसतिगृहात ठेवा, शक्य असेल तर बर्फ घाला. मी हस्तलिखित परत मागितलं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता लहरीपुरा दरवाज्याखालून जाऊन बघा, रस्त्यावर माणूस नसतो, हवा थरथरत असते आणि पलीकडचं दुकान पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. मला यापेक्षा जास्त धुकं नको.

पण खरं कारण वेगळं आहे. ही शाळा बडोद्याशिवाय कुठे चालूच शकली नसती. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा, तोच या पानावरचा मुख्य प्रश्न आहे.

जादू केली की शब्द जातो, म्हणजे नक्की काय होतं?

वटोदरमधे फुकट काही मिळत नाही. जादू केली की तुमचा एक शब्द जातो. वस्तू जागेवर राहते, तिची चव, वास, आठवण सगळं राहतं. फक्त नाव जातं. जिभेवरून जातं, कानातून जातं (दुसरा बोलला तर नुसती घरघर ऐकू येते), छापलेलं असेल तर तेवढी जागा कोरी दिसते. छोटी जादू, किरकोळ शब्द. मोठी जादू, जवळचा शब्द. कुठला जाणार ते आधी कळत नाही.

रेवाची पहिली जादू म्हणजे पंखा बंद असताना वारा आणणं. दुपारी लाइट गेलेली, आजी घामाघूम होऊन पडलेली, रेवाने वारा आणला. रात्री जेवताना:

“आजी, ते दे ना.”

“ते म्हणजे काय?”

“ते गं. पांढरं. पानात सगळ्यात आधी वाढतात ते.”

“साखर?”

“साखर कोण वाढतं आधी! ते, ज्याच्याविना वरण मचूळ लागतं.”

आजीला वाटतं पोरगी थट्टा करतेय. रेवा रडकुंडीला येते आणि एकदम तोंडातून निघतं, “मीठुं! मीठुं दे!” आजी बरणी पुढे सरकवते आणि म्हणते, “घरात तरी नीट मराठी बोलावं माणसाने.”

आता बडोदं का ते कळलं? पुण्याच्या मुलाचं मीठ गेलं की संपलं, फार तर इंग्रजीत मागेल. आमच्या पोरांकडे प्रत्येक गोष्टीला मराठी आहे, गुजराती आहे, हिंदी आहे, शाळेतलं इंग्रजी आहे. झोपाळा गेला तर हिंचको उरतो, खिडकी गेली तर बारी उरते. ज्या सरमिसळीला नातेवाईक नाकं मुरडतात (“तुमची मुलं ‘मजा पडली’ म्हणतात!” हो, म्हणतात), तीच इथे मुलांची तिजोरी आहे. शाळा बडोद्यात उगवली, कारण खर्चायला इतके शब्द असलेली मुलं दुसरीकडे मिळेनात.

मीठ आणि मीठुं हा एकच शब्द नाही का? ही फसवणूक आहे.

हा प्रश्न एका दहा वर्षांच्या वकिलाने विचारला आणि त्या शनिवारी वाचन झालंच नाही, फक्त भांडण झालं. शेवटी मी निकाल दिला की शेवटचा स्वर वेगळा असेल तर शब्द वेगळा. लगेच कोणीतरी ‘हात’ आणि ‘हाथ’ काढलं. त्यावर निकाल राखून ठेवलाय.

जे शब्द दोन्हीकडे हुबेहूब एकच आहेत, ते मात्र गेले की दोन्हीकडून जातात. पाणी, तसंच मगर. सातव्या प्रकरणात रेवा विश्वामित्री नदीच्या काठावर उभी असते, मित्र पाण्याकडे पाठ करून चिखलातला बूट सोडवत असतो, त्याच्या मागे दोन हातांवर ती दिसते, आणि रेवाने सकाळीच नको ती जादू केलेली असते. ओरडायला शब्द नाही. “मागे!” म्हणून ओरडली तर तो मागे सरकेल. काय करते ते वाचा.

गेलेला शब्द परत मिळतो का?

मिळतो. समोरच्याच्या आपणहून लक्षात यावं लागतं की हिचा अमुक शब्द हरवलाय. मग त्याने ती वस्तू हातात घेऊन, डोळ्यांत बघून, नाव तीनदा सांगायचं, लहान मुलाला घास भरवतात तसं. मागून मिळत नाही, कारण मागायला तोच शब्द लागतो. म्हणून वटोदरमधली मुलं एकमेकांचं बोलणं फार लक्ष देऊन ऐकतात. कोण कुठे अडखळलं, कोणी ‘ते’, ‘हे’, ‘अमकं’ जास्त वापरलं.

रेवाचं मीठ कोण परत देतं हे ज्यांनी वाचलंय त्यांनी इतरांना सांगू नये. तुमच्या अंदाजातलं माणूस नाही.

शाळेत मोठा शब्दकोश नाही का? त्यात बघायचं!

आहे, आणि हा भाग मी फार मजेत लिहिला. सयाजीरावांनी कारभाराच्या शब्दांचा एक भला थोरला कोश करवून घेतला होता, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’, १९३१ सालचा. इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द. खरा आहे, मी तो हाताळलाय, उचलताना मनगट वाकतं.

गोष्टीत वटोदरच्या गुरुजींकडे त्याची प्रत आहे, आणि तिच्या आधाराने गेलेला शब्द बाकी भाषांतून ओढून आणता येतो. पण तो कोश कचेरीचा! त्यामुळे गुरुजींना तारण, जप्ती, दस्तऐवज, मुखत्यारपत्र सगळं परत मिळवता येतं. मीठ, चमचा, उशी यांतलं एकही नाही. म्हातारे गुरुजी भर वर्गात अस्खलित कायद्याचं बोलतात आणि चहा मागायची वेळ आली की खुणा करतात.

शब्द द्यायचे ही कल्पना कुठून सुचली?

पुरातून. आधी किंमत म्हणून केस, रक्ताचा थेंब, आयुष्याचा एक दिवस असलं काहीतरी होतं, जे कोणीही लिहील. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा माझी दोन प्रकरणांची वही बहिणीकडे वाचायला दिलेली होती. तिची सोसायटी नदीकाठची. तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. चौथ्या दिवशी चिखल काढताना कपाटाच्या खालच्या खणात वही सापडली. मी शाईपेनाने लिहिते. पानं निळी झाली होती, आकाशी, कडेला जांभळट, आणि त्यात मधे मधे एखादाच शब्द शाबूत. एका पानावर फक्त ‘तरीसुद्धा’. दुसऱ्यावर ‘उंबरठा’ आणि बरंच खाली ‘पण’. बहीण ओशाळून सॉरी सॉरी करत होती आणि मी ती वही गच्चीवर वाळत घालून तिथेच बसून राहिले. बाकीची वाक्यं मला आठवेनात. काय घडत होतं ते आठवत होतं, वाक्यं गेली होती.

ती वही अजून आहे. शनिवारी येणाऱ्या मुलांना एकदा हातात देते.

शाळेत काय काय शिकवतात?

चौदा विद्या, चौसष्ट कला हे आपण म्हणीसारखं म्हणतो, पण त्या चौसष्टांची यादी कोणी उघडून बघत नाही. मी बघितली आणि वेळापत्रक आयतंच मिळालं. सोमवारी उदकवाद्य, म्हणजे पाण्यावर हाताने ताल धरणं; याचा तास सुरसागर तळ्याच्या पायऱ्यांवर पहाटे होतो. सूत्रक्रीडा, दोऱ्याचे खेळ. वस्त्रगोपन, फाटकं कापड धड दिसेल आणि मोठं लहान होईल असं नेसणं. आमच्या वटोदरमधे त्यातून माणूसच दिसेनासा होतो, तेवढी सूट मी घेतली. शुकसारिकाप्रलापन, पोपट-मैनेला बोलायला शिकवणं. अक्षरमुष्टिकाकथन, बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगणं, हे नापास विद्यार्थ्यांचं आवडतं, कारण परीक्षेत उपयोगी. आणि म्लेच्छितविकल्प, गुप्त लिपी. ही नावं मुलांना वाचताना अडतात, मग एकदा जमली की आठवडाभर पुटपुटत फिरतात.

इंद्रजालही यादीत आहे. ते दुसऱ्या वर्षाला.

मधल्या सुट्टीत काय खातात?

सेव उसळ. दुसरं काय खाणार? तिखट तर्रीची वाटी वेगळी. आचारी मंत्राने कांदा चिरत नाही, कारण कांद्यापायी एक शब्द घालवणं त्याला परवडत नाही.

छडी आहे का? झाडूवरून उडतात का?

छडी गुरुजींकडे आहे, ती वेगळ्या कामासाठी. झाडूला पाय लागला तर आजी नमस्कार करायला लावते. त्यावर बसायचं कसं?

हे इंग्रजी पुस्तकांवरून उचललंय, असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे.

तुमच्या मुलाने वाचलेल्या पुस्तकांच्या कितीतरी आधी कच शुक्राचार्यांकडे संजीवनी शिकायला गेला होता. शत्रूच्या शाळेत, एकच विद्या मिळवायला, हजार वर्षांच्या अभ्यासक्रमाला. सहाध्यायी त्याला मारतात, जाळतात, राख मद्यात कालवून गुरूलाच पाजतात. गुरूच्या पोटातून बाहेर पडल्यावर पहिलं काम काय, तर शिकलेली विद्या वापरून गुरूला उठवणं. आणि जाताना देवयानीचा शाप: ही विद्या तुला फळणार नाही. त्यावर कच म्हणतो, मला नाही तर नाही, मी शिकवीन त्याला फळेल. महाभारताच्या आदिपर्वात आहे. एवढी भारी प्रवेश परीक्षा नि एवढा कडू निरोपसमारंभ मला अजून कुठे सापडलेला नाही.

आणि घरोघरी पारायण होतं ते ‘नवनाथ भक्तिसार’? गोरख संजीवनी मंत्र पाठ करत बसलाय, गृहपाठच म्हणा. गावातली पोरं चिखलाची गाडी करून खेळतायत, त्यांना गाडीवान करता येत नाही म्हणून ती गोरखाला गळ घालतात. हा तोंडाने मंत्र घोकतोय आणि हाताने चिखलाचा बाहुला करतोय. बाहुला जिवंत होतो आणि पोरं “भूत! भूत!” करत पळतात. तोच गहिनीनाथ. अभ्यास करताना लक्ष दुसरीकडे असलं की काय होतं, याची यापेक्षा चांगली गोष्ट कोणी लिहून दाखवावी. माझी सबंध शाळा त्या चिखलाच्या गाडीवानावर उभी आहे.

यातलं खरं किती आणि बनवलेलं किती?

रेवा, वटोदर, गुरुजी, शब्द जाणं बनवलेलं. खाली दिलेलं खरं, आणि याची यादी मुलं मला पुन्हा पुन्हा मागतात.

बडोद्यात जादूची पुस्तकं छापली जात होती. गंमत करत नाही. संस्थानने संस्कृत पोथ्या संपादून छापायला एक ग्रंथमाला काढली, गायकवाड ओरिएंटल सिरीज. तिच्यात १९२५ आणि १९२८ साली ‘साधनमाला’चे दोन भाग निघाले, बौद्ध तांत्रिक साधनांचा संग्रह, कुठल्या देवतेचं ध्यान कसं करायचं, मंत्र काय. त्याच मालेत १९२४-२५ साली धारच्या भोजराजाच्या नावावरचा ‘समरांगणसूत्रधार’ आला. तो मुळात घरं-नगरं बांधण्याचा ग्रंथ, पण त्यातला एकतिसावा अध्याय यंत्रांचा आहे: दाराशी उभा राहून आगंतुकाला अडवणारा लाकडी द्वारपाल, पाऱ्याच्या जोरावर उडणारा लाकडी पक्षी. रेवाला पहिल्या दिवशी अडवतो तो द्वारपाल तिथूनच घेतला.

कलाभवन १८९० साली सुरू झालं, तिथे दादासाहेब फाळके शिकले. सिनेमाच्या आधी ते जादूचे प्रयोगही करत, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. फाळके उलटं वाचा. ओट्यावर हे सांगितल्यापासून सगळी पोरं आपापली आडनावं उलटी करून हिंडतात.

कमाटीबागेतल्या म्युझियममधली ममी आणि देवमाशाचा सांगाडा तर तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलेलाच आहे. सांगाडा वाटोदरच्या मुलांसाठी काय आहे, ते नवव्या प्रकरणात.

वाटोदर की वटोदर?

वटोदर. वरच्या ओळीत माझंच चुकलं, तसंच ठेवते. एका मुलाला वाटलं माझा एक काना जादूत वाढला.

शाळा गुप्त का आहे? चांगली विद्या लपवायची कशाला?

यावरच पुस्तक आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘समरांगणसूत्रधार’च्या त्याच यंत्रांच्या अध्यायात ग्रंथकार एक भन्नाट गोष्ट सांगतो. यंत्रांची नावं सांगितली, गुण सांगितले, पण ती जोडायची कशी ते सांगितलं नाही. हे मला येत नाही म्हणून नव्हे, गुप्त राहावं म्हणून, कारण उघड केली की ती फळत नाहीत. बघा, हजार वर्षांपूर्वीचा माणूस गालात हसत पान उलटतो.

आता दुसरी बाजू. सयाजीराव स्वतः नाशिककडच्या कवळाण्याहून १८७५ साली, बारा वर्षांचे असताना, दत्तक आले. आले तेव्हा धड लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच माणसाने १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते सबंध राज्याला लागू केलं, मुलींसकट. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला दंड. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव फिरती ग्रंथालयं पाठवली.

एकाच गावात हे दोन्ही. एक म्हणतो उघड केलं तर फळत नाही, दुसरा म्हणतो उघडं नसेल तर ते शिक्षणच कसलं. मी हे शेजारी शेजारी ठेवलं आणि गोष्ट आपली आपण चालू लागली. माझ्या गोष्टीत १९०६ चा हुकूम निघाल्यावर वटोदरच्या गुरुजींत दोन तट पडतात. एक म्हणतात, उद्या शाळातपासनीस येईल, हजेरीपट मागेल, सगळ्या जातींची, सगळ्या गल्ल्यांतली मुलं आत घेऊन बसवेल, दार लावा. दुसरे म्हणतात, येऊ दे की. पहिले जिंकतात. शाळा काचेखाली जाते. दुसऱ्यांतली एक बाई मात्र एक वाट उघडी ठेवते: फिरत्या ग्रंथालयाच्या पेटीत, यादीत नसलेलं एक जास्तीचं पुस्तक. ज्या मुलाला ते दिसतं त्याला शाळेचा रस्ता कळतो.

गुप्त शाळेच्या गोष्टीत सगळे ‘आत कोण गेलं’ ते वाचतात. मला लहानपणापासून बाहेर राहिलेल्यांचीच काळजी वाटायची. रेवासोबत तिची मैत्रीणही काच दाबते आणि तिला काहीच होत नाही, काच काचच राहते. ती मैत्रीण पुस्तकात शेवटपर्यंत आहे.

खलनायक कोण?

दार लावलं तो.

जादूटोण्याविरुद्ध कायदा असताना मुलांना हे वाचायला देणं बरोबर आहे का?

हे एका काकांनी फार गंभीरपणे विचारलं, म्हणून गंभीरपणेच सांगते. महाराष्ट्राचा कायदा २०१३ चा, गुजरातचा २०२४ चा. दोन्ही नरबळी, अघोरी प्रकार, अंगात आल्याचं सांगून लुबाडणं, मारहाण अशा गोष्टींविरुद्ध आहेत आणि असायलाच हवेत. गोष्ट सांगणं त्यात येत नाही. उलट माझ्या अनुभवात ज्या मुलाने कल्पनेतली जादू पोटभर वाचलेली असते, ते भोंदूबाबासमोर सगळ्यात आधी विचारतं, “यात युक्ती काय आहे?” आठव्या प्रकरणात एक बाबा आहे. त्याचा एकही शब्द कधी जात नाही, त्यावरूनच मुलं ओळखतात की याला जादू येत नाही.

कुठल्या वयासाठी? भीतीदायक आहे का?

अकरा-बारापासून पुढे. मगरीचं प्रकरण रात्री वाचू नका. मोठ्यांनी चोरून वाचायला हरकत नाही, वाचतातच.

माझ्या मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिने काय करावं?

शनिवारी यावं. येणाऱ्यांतल्या निम्म्यांची हीच कथा आहे, गुजराती किंवा इंग्रजी माध्यम, अक्षर ओळखीचं, वाचनाचा वेग बैलगाडीचा. मी वाचते, त्यांच्या हातात पान असतं, बोट फिरत असतं. शब्द अडला की विचारायचा नियम आहे, आणि मी अर्थ सांगत नाही, आधी बाकीच्यांना विचारते. ‘उंबरठा’ तिघांना माहीत नव्हता. फ्लॅटला नसतोच आता. सगळे उठून आमच्या उंबरठ्यावर उभे राहिले, नाव तीनदा म्हणाले. आपण काय करतोय ते त्यांचं त्यांनाच म्हणता म्हणता कळलं.

मलाही गुप्त शाळेची गोष्ट लिहायची आहे. कुठून सुरुवात करू?

किमतीपासून. जादू काय काय करू शकते याची यादी सगळेच करतात, ती फाडून टाक. जादू केल्यावर काय जातं ते ठरव. ते असं हवं की जे जाईल त्यावाचून रात्रीचं जेवण अडलं पाहिजे.

मग दार. आपल्या गावातली खरी जागा घे, जिला हात लावता येतो. इंदूरच्या मुलाने राजवाड्याच्या सात मजल्यांत आठवा शोधावा, ग्वाल्हेरच्याने किल्ल्याच्या चढावरच्या एखाद्या टाक्यात डोकावावं. दुसऱ्याच्या देशातलं धुकं उसनं आणू नये, ते इथे टिकत नाही. त्या जागी तीन वेळा जा: सकाळी, दुपारी, आणि बंद व्हायच्या जरा आधी. तिसऱ्या वेळी रखवालदार काय म्हणतो ते लिहून घे.

आणि नियम केलास की मोडू नकोस. मुलं नियम तुझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतात. मीठ आणि मीठुंचं भांडण विसरू नकोस.

दुसरा भाग कधी?

लिहिते आहे. या वेळी वही वरच्या मजल्यावर आहे.

शेवटी रेवाचा कुठला शब्द जातो?

हेच ते अर्धं गुपित. शेवटच्या प्रकरणात ती सगळ्यात मोठी जादू करते, दार पुन्हा उघडण्याची, आणि तिचा एक शब्द जातो, साध्यासुध्यांतला. रोज हजारदा कानावर पडणारा तो शब्द आहे. पुस्तकात तो कुठेही सांगितलेला नाही, सांगता येणारच नाही, कारण गोष्ट सांगणारी रेवाच आहे आणि तिच्याकडे तो आता नाही. म्हणून अडीचशे पानांत तो एकदाही येत नाही. लिहिताना इतकी सवय झाली की या पानावरही मी तो वापरलेला नाही, हवं तर वरपासून पुन्हा वाचा.

ओट्यावरच्या मुलांनी शेकडो अंदाज केले, पुस्तकात शोधले, सगळे सापडले, सगळे बाद झाले. दुसऱ्याच शनिवारी एका मुलीला कळलं. ती कोणाला काही बोलली नाही. पान माझ्या हातात दिलं, चपला घातल्या आणि वाचन अर्धं टाकून पळत घरी गेली.